शाळा ते कारखाना : मधल्या अंतराचा इतिहास

स्मरणिकेसाठी लेख मागताना समितीतल्या मंडळींनी मला विषय दिला होता, 'आयटी क्षेत्रातील संधी'. त्या विषयावर आपल्या लेकरांना मोबाइलवर रोज दहा व्हिडिओ सापडतात, तेव्हा मी तो बदलून घेतला. गेली वीसेक वर्षे मी सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरी करते आणि त्यातला बराच काळ नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेण्यात गेला आहे. दर वर्षी मुलाखती संपल्या की आमच्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते : "कॉलेजात काही शिकवतच नाहीत हो." कॉलेजात गेले की उलटे ऐकायला मिळते : "कंपन्यांना सगळं आयतं पाहिजे." हे भांडण आपल्या पिढीचे आहे असे वाटते खरे, पण ते सव्वाशे वर्षांहून जुने आहे. ते मिटवायचे महाराष्ट्रात जे प्रयत्न झाले, त्यांतले एकदोन तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यांतले आहेत. त्यांचीच ही गोष्ट.

सुरुवात नागपुरापासून करू. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणी मुंबईत न काढता नागपुरात काढण्याचे कारण साधे होते. वऱ्हाडातला, म्हणजे आपल्याकडचा, कापूस तिथून जवळ होता. यंत्रे इंग्लंडहून आली. यंत्र पैसे मोजले की येते, ते चालवणारा माणूस मात्र पैसे मोजूनही मिळेलच असे नाही. टाटांनी व्यवस्थापक म्हणून नेमले बेझनजी मेहता यांना. हे गृहस्थ जीआयपी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले, सूतगिरणीचे त्यांना काही म्हणजे काही माहीत नव्हते. तांत्रिक बाजू सांभाळायला जेम्स ब्रुक्सबी हा इंग्रज जाणकार होता. मेहता काम करता करता शिकले आणि पुढे कित्येक वर्षे त्यांनी ती गिरणी नावारूपाला आणली. सुशिक्षित तरुणांना शिकाऊ म्हणून घेऊन, पगार देत देत गिरणीतच तयार करायची पद्धतही टाटांनी तिथे पाडली. आज ज्याला आमच्याकडे 'ट्रेनी' म्हणतात, त्याचा विदर्भातला हा जुना अवतार.

मुंबईत हीच अडचण मोठ्या प्रमाणावर होती. १८९५ साली मुंबईच्या गिरण्यांत वरच्या तांत्रिक जागांवर सुमारे ४२ टक्के माणसे युरोपीय होती, बहुतेक लँकेशायरकडची. त्यांचे पगार भारी पडत. एतद्देशीय तंत्रज्ञ तयार झाले तर गिरणीमालकांचाच फायदा होता. त्यातून व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. तीच आजची व्हीजेटीआय, वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था. सर दिनशा पेटिटांसारख्या गिरणीमालकांनी तिला हात दिला. यांत्रिक अभियांत्रिकी आणि कापड उत्पादन हे तिथले पहिले महत्त्वाचे विषय. गिरणीला जे लागते तेच शिकवायचे, असा सरळ हिशेब होता.

आता पुढचा आकडा बघा. १९२५ साली, म्हणजे तीस वर्षांनी, वरच्या जागांवरचे युरोपीय अजून २८ टक्क्यांच्या आसपास होतेच. संस्था निघाली, मुले शिकून बाहेर पडली, तरी हे प्रमाण तीस वर्षांत पुरते निम्मेही झाले नाही. माझ्या मते याचे कारण असे, की संस्थेला देणगी देणे आणि तिथल्या मुलाला आपल्या खात्यात हाताखाली घेऊन तयार करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम मालक एका सहीत करतो. दुसऱ्यासाठी खात्यावरच्या मास्तराने वेळ द्यावा लागतो, आणि ज्याला आपली जागा जायची भीती आहे तो मास्तर वेळ कशाला देईल? खालच्या कामगाराला तर कोणतीच शाळा नव्हती. त्याला मुकादम आणायचा, मुकादम शिकवायचा आणि मुकादमच काढून टाकायचा.

याच संस्थेत एक चित्रकलेचे मास्तर होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर, जन्म १८६९. ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, पण रंगांधळेपणामुळे रंगकाम सोडावे लागले. मग ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. शिकवता शिकवता तिथली यंत्रे त्यांनी उघडून, जोडून समजून घेतली. बढतीच्या वेळी मात्र त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला भावाबरोबर सायकलींच्या धंद्यात उतरले. १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली.

किर्लोस्करवाडीची गोष्ट आपण शाळेत धडा म्हणून वाचतो, तेव्हा तिच्यातला एक भाग निसटतो. त्या माळावर पदवीधर अभियंता यायला तयार नव्हता. लक्ष्मणरावांनी जी माणसे गोळा केली, त्यांत शंभूराव जांभेकर होते. त्यांनी नळकामापासून विजेच्या कामापर्यंत बरेच उद्योग केलेले होते. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण यंत्राच्या बाबतीत डोके विलक्षण. पहाऱ्याला तर शिक्षा भोगून आलेली माणसे ठेवली होती. अशा माणसांतून कारखान्याने आपले कारागीर स्वतः घडवले. शाळा आणि कारखाना अशी दोन टोके तिथे नव्हतीच, कारण कारखानदारच मुळात मास्तर होता. (याच लक्ष्मणरावांनी मुलाला, शंतनुरावांना, शिकायला थेट अमेरिकेत एमआयटीला धाडले, हेही लक्षात ठेवावे. 'शिकून काय होते' म्हणणाऱ्यांनी किर्लोस्करांचे नाव घेताना जरा जपून.)

आता वर्धा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली. तेव्हा यवतमाळ आणि वर्धा दोन्ही मध्यप्रांत-वऱ्हाड या एकाच प्रांतात होते. नुकतीच प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली होती आणि शिक्षणाला पैसा कुठून आणायचा हा प्रश्न होता. गांधीजींनी मांडलेली कल्पना धाडसी होती : सात वर्षांचे मोफत शिक्षण, मातृभाषेतून, आणि ते एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने. मूल तकलीवर सूत कातेल. त्यातूनच गणित, भूगोल, इतिहास शिकेल. आणि मुलांनी केलेल्या मालाच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघेल. 'वर्धा योजना' किंवा 'नयी तालीम' या नावाने ती ओळखली जाते. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखला.

परिषदेत सगळ्यांनी माना डोलावल्या असे मात्र झाले नाही. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी विरोध केला. मुलांच्या श्रमावर शाळा चालवायची म्हणजे मुलांना राबवणे, आणि त्यांचा स्वस्त माल बाजारात आला तर गावातल्या गरीब कारागिराच्या पोटावर पाय, असा त्यांचा रोख होता. खुद्द झाकीर हुसेन समितीनेही अहवालात इशारा दिला होता, की उत्पन्नाकडे जास्त लक्ष गेले तर शिक्षण बाजूला राहील. हा इशारा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढच्या प्रत्येक योजनेत हाच खड्डा आहे. शिकाऊ मुलगा कारखान्यात गेला की तो शिकतो आहे की स्वस्तात राबतो आहे, हे सांगायला कागदावर काही खूण नसते.

नयी तालीम फार काळ टिकली नाही. तिच्यात कारखाना नव्हता, बाजारही जवळपास नव्हता, आणि पालकांना पोराने सूत कातायला शिकावे असे वाटत नव्हते. त्यांना त्याला कचेरीत पाहायचे होते. यात पालकांचे काय चुकले? ज्याच्या बापाने जन्मभर हाताने काम केले आणि ज्याला त्या कामाची किंमत कधी मिळाली नाही, त्याला 'श्रमाची प्रतिष्ठा' शाळेत जाऊन शिकायची हौस कशी असेल?

स्वातंत्र्यानंतर सरकारने वेगळी वाट धरली. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि तिच्यातून आयटीआय निघाल्या. पण आयटीआयच्या कार्यशाळेत मुलगा कानस चालवायला शिकला, तरी कारखान्याची शिस्त, वेग, चूक झाली तर होणारे नुकसान हे तिथे कळत नाही. म्हणून १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला. नेमलेल्या उद्योगांनी ठरावीक संख्येने शिकाऊ घेतलेच पाहिजेत, त्यांना विद्यावेतन दिले पाहिजे, अशी सक्ती झाली. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी आणि पदविका घेतलेले अभियंतेही त्यात आले. मुंबईच्या गिरणीमालकांच्या मर्जीवर जे सोडले होते, ते आता कायद्याने करून घ्यायचे होते.

पुण्यात या काळात चित्र भराभर बदलले. टेल्कोचा कारखाना १९६६ पासून पिंपरी-चिंचवड भागात उभा राहू लागला. सुमंत मुळगावकरांनी तिथे प्रशिक्षण विभागाला सुरुवातीपासून मानाचे स्थान दिले. टाटांना याचा अनुभव होताच, जमशेदपूरला त्यांची तांत्रिक संस्था १९२१ पासून चालू होती. टेल्कोत शिकाऊ म्हणून लागणे ही पश्चिम महाराष्ट्रातल्या घरांत पेढे वाटण्याची गोष्ट झाली. पेढे अर्थात मुलाच्या नावाचे. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापले होते, आणि त्यावर जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवणाऱ्या सुधा कुलकर्णी, पुढच्या सुधा मूर्ती, यांना पुण्यात नोकरी मिळाली, हे सर्वांना ठाऊक आहे.

पण हे सगळे पुण्याचे झाले. उमरखेडचे काय?

आपल्याकडे पैनगंगेचे पाणी, ऊस, कापूस, हळद. कारखाना म्हणाल तर पोफाळीचा वसंत सहकारी साखर कारखाना. कायदा सांगतो, उद्योगाने शिकाऊ घ्यावा. उद्योगच नसेल तर? आपल्या तालुक्यातल्या आयटीआयच्या मुलासाठी प्रत्यक्षात 'उद्योग' तीनच होते : एसटी, वीज मंडळ आणि साखर कारखाना. मोटार मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक झालेला एसटीकडे. वायरमन, इलेक्ट्रिशियन झालेला वीज मंडळाकडे. फिटर, टर्नर, वेल्डर पोफाळीला. कंपन्यांच्या भागीदारीवर बोलणारी माणसे या तिघांचे नाव कधी घेत नाहीत. माझ्या दृष्टीने विदर्भ-मराठवाड्याच्या तालुक्यांत शाळा आणि रोजगार यांच्यातला पूल कोणी बांधला असेल तर तो एसटीच्या कार्यशाळांनी आणि वीज मंडळाच्या उपकेंद्रांनी. एसटीत शिकाऊ म्हणून वर्ष काढलेला पोरगा पुढे नोकरीत घेतला गेला नाही, तरी रस्त्यावर गॅरेज टाकू शकत होता. तालुक्यांच्या गावांतली कितीतरी गॅरेजे अशीच उभी राहिलेली आहेत.

साखर कारखान्याचे शिक्षण तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तिथे पॅनमन नावाचा एक माणूस असतो. उसाचा रस आटवून घट्ट झाला की पॅनमध्ये त्याचा दाणा धरावा लागतो. दाणा बारीक राहिला तर साखर नीट वेगळी निघत नाही, एकसारखा आला नाही तर भाव जातो. पॅनमन काचेच्या पट्टीवर पाक घेतो, उजेडाकडे धरतो, बोटांत चोळून पाहतो आणि वाफ कमी-जास्त करतो. हे पुस्तकातून येत नाही. दोनचार गळीत हंगाम जुन्या पॅनमनच्या शेजारी उभे राहावे लागते. पण साखरेचे रसायनशास्त्र, बॉयलरची सुरक्षितता, प्रयोगशाळेतली तपासणी ही जुन्या माणसाच्या शेजारी उभे राहून येत नाहीत. त्याला शाळा लागते.

सहकारी कारखान्यांनी ती शाळा स्वतः काढली. १९७५ साली पुण्याजवळ मांजरीला डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट स्थापन झाली, १९८९ पासून तिचे नाव वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. सभासद कारखान्यांनी गाळलेल्या उसाच्या प्रमाणात वर्गणी द्यायची आणि त्यातून संशोधन, अभ्यासक्रम, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण चालवायचे, अशी तिची रचना. जो कारखाना जास्त ऊस गाळेल त्याला माणसे जास्त लागणार आणि तो वर्गणीही जास्त देणार. गिरणीमालकांच्या देणगीपेक्षा मला ही पद्धत कितीतरी शहाणपणाची वाटते. पैसा उसाच्या टनावर बांधलेला असल्यामुळे तो कोणा एका शेठच्या मर्जीवर राहत नाही. कमकुवत बाजू हीच, की टन थांबले की सगळे थांबते. पोफाळीचा कारखाना मधली काही वर्षे बंद होता, तेव्हा तालुक्यातल्या फिटर-टर्नरांनी वाळूज आणि चाकणच्या गाड्या धरल्या.

शाळांकडे वळू. कोठारी आयोगाने (१९६४ ते १९६६) कार्यानुभव आणि माध्यमिक शिक्षणाच्या व्यवसायीकरणाचा आग्रह धरला. आयोगाचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते. कार्यानुभव वेळापत्रकात आला खरा. तो तासाला काय व्हायचा हे आपण सगळे जाणतो. मुलांनी मैदानातले दगड वेचायचे आणि मुलींनी रुमालावर साखळी टाका घालायचा. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने अकरावी-बारावीतले १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळवायचे ठरवले. महाराष्ट्रात १९८८-८९ पासून 'किमान कौशल्यावर आधारित' अभ्यासक्रम, आपले एमसीव्हीसी, सुरू झाले. हेतू चांगला होता. घरी मात्र त्याचा अर्थ 'सायन्सला नंबर लागला नाही' एवढाच घेतला गेला.

यात एक अपवाद मला मनापासून सांगायचा आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट घेतलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ. १९८३ साली ते पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात जाऊन राहिले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेली मुले हे त्यांचे पहिले विद्यार्थी. कलबागांचे म्हणणे थोडक्यात असे, की हाताने काम करताना मेंदू जसा शिकतो तसा फळ्यासमोर शिकत नाही. इथवर नयी तालीमच. पण पुढे त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक म्हणजे तकलीच्या जागी त्यांनी वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया, रक्ततपासणी अशी गावाला रोज लागणारी कामे घेतली. जमिनीखालचे पाणी शोधण्यासाठी विद्युतरोध मोजण्याचे तंत्र तिथली दहावी नापास मुले शिकली आणि शेतकऱ्यांच्या विहिरींसाठी वापरू लागली. दुसरे म्हणजे काम सरावापुरते ठेवले नाही, ते गिऱ्हाइकासाठी केले. शाळेतल्या मुलांनी गावात कोणाचे फाटक वेल्ड करून दिले, तर त्याचे पैसे गावकऱ्याने द्यायचे. गिऱ्हाईक पैसे देते तेव्हा ते काम तपासूनही घेते, आणि परीक्षकापेक्षा बारकाईने घेते.

हाच अभ्यासक्रम 'मूलभूत तंत्रज्ञान' म्हणून राज्यातल्या इतर शाळांत आठवी ते दहावीला गेला. आठवड्यातला एक दिवस कामाचा, आणि शिकवायला गावातलेच कारागीर. के. टी. शहांच्या आक्षेपाचे मला माहीत असलेले सगळ्यात चांगले उत्तर हे आहे. गावच्या कारागिराशी स्पर्धा करण्याऐवजी शाळेने त्यालाच मास्तर केले. कलबाग २००३ साली गेले, आश्रम चालू आहे. अलीकडे राज्यातल्या शासकीय शाळांत नववीपासून जे व्यवसाय विषय आले, त्यांतल्या 'मल्टी स्किल' विषयाचे मूळ पाबळच्या या कामात आहे.

आता माझ्या क्षेत्राबद्दल दोन शब्द, कारण त्याशिवाय समिती मला सोडणार नाही. २००४ साली इन्फोसिसने अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी 'कॅम्पस कनेक्ट' सुरू केले. कंपनीतल्या प्रशिक्षणाचा मजकूर कॉलेजांना द्यायचा, प्राध्यापकांना शिकवायचे. पुढच्याच वर्षी नासकॉम आणि मॅकिन्झीच्या अहवालात आले, की भारतातल्या अभियंत्यांपैकी जेमतेम २५ टक्के बहुराष्ट्रीय कंपन्यांत घेण्याजोगे आहेत. हा आकडा पुढे इतका फिरला की लोक त्याला निसर्गनियम समजू लागले. मी आतून जे पाहिले ते असे : मोठ्या कंपन्या पदवीधराला तीनचार महिने बसवून शिकवत आणि मग कामाला लावत. यंत्र, सिव्हिल, केमिकल, कोणत्याही शाखेचा चाले. म्हणजे कॉलेजात काय शिकवले याने त्यांचे फारसे अडत नव्हते. अडायचे ते दोन गोष्टींनी, न घाबरता प्रश्न विचारता येतो का आणि इंग्रजीत चार ओळी नीट लिहिता येतात का. विदर्भातल्या आमच्या कॉलेजांत यंत्रशाळा होत्या, संगणकही होते. कंपन्या मात्र तिथे येत नसत, आम्हीच रात्रभर ट्रॅव्हल्सने पुण्याला जात असू.

उमरखेडपर्यंत खरोखर पोहोचलेली संगणकाची योजना एकच, एमएस-सीआयटी. २००१ साली राज्य शासनाच्या पुढाकाराने, विद्यापीठांना भागधारक करून, महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघाले. विवेक सावंत यांच्या नेतृत्वाखाली त्याने २००२ पासून हा अभ्यासक्रम मराठीतून, गावोगावच्या खासगी केंद्रांमार्फत चालवला. केंद्र स्थानिक तरुणाचे, अभ्यासक्रम आणि परीक्षा वरून. तालुक्याच्या ठिकाणी पहिल्यांदा माऊस हातात धरलेल्या मुली मोठ्या संख्येने या केंद्रांत शिकल्या. योजनेचे यश मोठे आहे आणि तिची मर्यादाही तिथेच आहे. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र सक्तीचे झाल्यावर ते 'काढायचे' कागदपत्र झाले, जातीच्या दाखल्यासारखे. दुसऱ्या टोकाला त्या मुलीची वाट पाहणारा उद्योग नव्हता.

यानंतरच्या सरकारी योजना पटकन सांगते. २००७-०८ पासून देशातल्या १,३९६ शासकीय आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज आणि अध्यक्षपदी उद्योजक असलेली व्यवस्थापन समिती मिळाली. कुठे कुठे चांगले काम झाले, बऱ्याच ठिकाणी पैसा बँकेत मुदत ठेवीत बसला. २०१६ पासून शिकाऊ उमेदवाराच्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलू लागले. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यात ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रे जाहीर झाली, २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, आणि २०२५ मध्ये केंद्राने एक हजार आयटीआयसाठी साठ हजार कोटींची योजना मंजूर केली. तिच्यात दोनशे केंद्रस्थानी आणि आठशे त्यांना जोडलेल्या. आपली आयटीआय त्यांत कुठे बसते, हे आमदार-खासदारांना विचारण्यासारखे आहे. मेळाव्याला ते येणार आहेतच.

मला स्वतःला या सगळ्यात एक हिशेब खुपतो. २०१९ च्या नियमांप्रमाणे आयटीआय झालेल्या शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिन्याला ७,००० रुपये. ज्याचे घर भोसरीत आहे तो पोरगा घरी जेवतो, वडिलांच्या दुचाकीवर कामाला जातो; त्याला हे सात हजार सुटतात. विडूळ किंवा ढाणकीचा पोरगा चाकणला गेला तर कॉटबेसिस, खानावळ आणि बसचा पास यांतच ते संपतात, वरून घरून मागवावे लागतात. कायदा दोघांना एकच रक्कम देतो. मुलीच्या बाबतीत घरचे आधी राहायची जागा पाहतात, मग ट्रेड. शिकाऊ मुलामुलींसाठी कारखान्यांच्या गावी वसतिगृह असावे, ही मागणी मी कुठल्या धोरणाच्या ठळक मथळ्यात पाहिलेली नाही. माझ्या ओळखीतल्या किमान तीन मुलांनी वर्ष पुरे होण्याआधी चाकण सोडले, आणि तिघांचेही काम चांगले होते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक छोटी गोष्ट आहे, तिला मात्र पाचशे किलोमीटर जावे लागत नाही. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर न आणता गावातल्या सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे, कलावंताकडे जाऊन काम पाहावे, करावे, असे त्यात सुचवले आहे. मेळाव्याच्या तयारीच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा आमच्या बॅचमधल्या एकीने तिथल्या तिथे यादी करायला घेतली : आगाराची कार्यशाळा, मोटार रिवाइंडिंगची दोन दुकाने, एक जिनिंग, हळद शिजवून पॉलिश करणारे एक शेतकरी, दूध संकलन केंद्र, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारे वेल्डर, एक रक्त तपासणी प्रयोगशाळा. यातली चार ठिकाणे आपल्याच शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची निघाली. दोघांनी लगेच हो म्हटले. वेल्डर दादांनी विचारले, पोरांना चष्मे आणि हातमोजे कोण देणार. आणि मुली आल्या तर चालेल ना, की त्या नुसत्या बघायला येणार? चष्म्यांचा खर्च आमच्या बॅचने उचलला आहे. मुलींच्या प्रश्नावर मुख्याध्यापकांनी पालकसभा बोलावली आहे, तारीख अजून ठरायची आहे.